मोजमापाचा अनुशेष

जालन्याहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंठा हे तालुक्याचे गाव लागते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या आधाराने जगणारा आणि पावसाने हात आखडता घेतला की पाण्याच्या टँकरची वाट पाहणारा हा टापू आहे. विज्ञानाच्या नकाशावर या गावाची खूण कोणी केलेली नाही आणि ती करावी असे तेथे वरकरणी काही आढळतही नाही. पण मंठ्याहून उत्तरेकडे निघालेला प्रवासी जिल्ह्याची हद्द ओलांडून तासाभरात लोणारच्या काठावर येऊन उभा राहतो. बसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने कोरले गेलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्याच्या तळाशी साठलेले खारट, अल्कधर्मी पाणी हे जगातील मोजक्या नैसर्गिक नवलांपैकी एक आहे. ज्या पाण्याने सामान्य जीव मरावेत त्या पाण्यात येथील सूक्ष्मजीव सुखाने नांदतात.

२०२० च्या जून महिन्यात हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली, तर्कवितर्कांना ऊत आला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे रवाना झाले. काही आठवड्यांत उत्तर आले: पाणी आटून खारेपणा वाढल्यामुळे मिठात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ या वर्गाचे सूक्ष्मजीव फोफावले असून गुलाबी रंग त्यांच्या रंगद्रव्याचा आहे. पुढे पाऊस झाला, खारेपणा उतरला, रंगही ओसरला आणि लोकांचे कुतूहलही त्याबरोबर ओसरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. कौतुकाचा हा विषय तेथेच संपला.

विज्ञानाच्या दृष्टीने मात्र खरा विषय तेथून सुरू व्हावयास हवा होता. पाण्यात कोण आहे, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते तेथे जगते कसे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. त्याच्या उत्तरासाठी लागणारी साधने मंठ्याच्या, जालन्याच्या किंवा एकूण मराठवाड्याच्या हाताशी सहज येतील अशी व्यवस्था अद्याप उभी राहिलेली नाही. या उणिवेची चर्चा फारशी होत नाही. ती व्हावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

मिठातले कोडे

प्रत्येक सजीव पेशीचा कारभार दोन प्रकारच्या महारेणूंच्या परस्परसंबंधांवर चालतो. डीएनए आणि आरएनए ही न्यूक्लिइक अम्ले म्हणजे पेशीची दप्तरे. प्रथिने म्हणजे त्या दप्तरांवर काम करणारा कारकूनवर्ग. कोणते पान उघडावयाचे, कोणते मिटलेले ठेवावयाचे, कोणत्या पानाची नक्कल काढावयाची आणि कोठली चूक दुरुस्त करावयाची, हे सारे डीएनएला येऊन चिकटणारी आणि वेळ येताच सुटणारी प्रथिने ठरवितात. जनुकाला आवर घालणारा एखादा घटक पेशीत असला पाहिजे, असे अनुमान जाकॉब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडले. १९६६ साली हार्वर्डमध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी असा घटक प्रत्यक्ष वेगळा काढला आणि तो प्रथिन असल्याचे दाखविले. आधुनिक जीवशास्त्राचा फार मोठा भाग तेव्हापासून याच एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे: कोणते प्रथिन कोठे चिकटते, किती घट्ट चिकटते आणि किती वेळाने सुटते?

लोणारच्या काठावर उभे राहून पाहिले तर हा प्रश्न विलक्षण रूप धारण करतो. डीएनएच्या कण्यावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला धरणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या पृष्ठभागावर धन भार असतो. दोघांची जवळीक बऱ्याच अंशी या आकर्षणावर उभी असते. पाण्यात मीठ वाढविले की मिठाचे कण मध्ये शिरतात आणि ही पकड सैल होते. प्रयोगशाळेत डीएनएपासून प्रथिन सोडवावयाचे असेल तर मीठ वाढवितात, ते याच कारणाने. हॅलोआर्किया मात्र पेशीच्या आतच पोटॅशियम क्लोराइडचा तीव्र द्राव बाळगून जगतात आणि त्यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर बहुतांशी ऋण भाराचीच गर्दी असते. ऋण भाराचे प्रथिन ऋण भाराच्या डीएनएला, तेही मिठाच्या दाट द्रावात, धरून कसे ठेवते? हे कोडे केवळ विद्वानांच्या करमणुकीचे नाही. मीठ आणि दुष्काळ सोसणाऱ्या जीवांचे रहस्य ज्या देशाला उलगडेल, त्याला आपल्या खारवटलेल्या व कोरड्या जमिनींसाठी काही नवे सुचण्याचा संभव आहे.

लोणारच्या सूक्ष्मजीवांवर मराठवाड्यातील आणि विदर्भातील विद्यापीठांतून वर्षानुवर्षे प्रबंध लिहिले गेले आहेत. त्यांतील परिश्रम थोडे नाहीत. परंतु त्यांतले पुष्कळसे काम जीव वेगळा करणे, त्याला ओळखणे आणि त्याच्या एंझाइमाची उपयुक्तता तपासणे येथवर येऊन थांबते. पुढचा टप्पा मोजण्याचा आहे. मोजमापाचे साधन नसले की बुद्धी असूनही माणूस वर्णनावर थांबतो, आणि वर्णनावर थांबलेल्या संशोधनाला जग दुसऱ्याच्या संशोधनाचा कच्चा माल समजते. कापूस येथे पिकवावयाचा आणि कापड दुसरीकडे विणावयाचे, या जुन्याच व्यवहाराची ही प्रयोगशाळेतील आवृत्ती होय.

टपालाने न जाणारी वस्तू

यावर एक उत्तर हमखास दिले जाते. यंत्रे महाग असतात, ती पुण्या-मुंबईत आहेतच, नमुने तेथे पाठवावेत म्हणजे झाले, असे ते उत्तर आहे. काही कामांपुरते ते खरेही आहे. डीएनएमधील अक्षरांचा क्रम वाचून घ्यावयाचा असेल तर नमुना कुरिअरने पाठविता येतो आणि अहवाल संगणकावर परत येतो. डीएनए हा मोठा सोशिक रेणू आहे. प्रथिनाचे तसे नाही. पेशीतून शुद्ध करून काढलेले प्रथिन नाजूक असते. उष्णतेने, हलण्याने, नुसत्या वाट पाहण्यानेही त्याची घडी विस्कटते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याच्या उन्हातून बर्फाच्या डब्यात घालून पाठविलेले प्रथिन पुण्यास पोचेपर्यंत आपले काम विसरून गेलेले असू शकते. यंत्रावर मग जे मोजले जाते ते प्रथिनाचे नव्हे, प्रवासाचे मोजमाप असते.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. रेणूंमधील पकड मोजण्याचे काम एका फेरीत संपत नाही. मीठ थोडे कमी करून पाहावे लागते, डीएनएचा तुकडा बदलून पाहावा लागतो आणि आजच्या आकड्यावरून उद्याचा प्रयोग ठरवावा लागतो. प्रयोग करणारा एके ठिकाणी आणि यंत्र दुसऱ्या ठिकाणी असेल तर हा संवाद तुटतो. प्रत्येक प्रश्नाला पंधरवड्याची प्रतीक्षा आणि प्रवासखर्च जोडला गेला की संशोधक आपोआप कमी प्रश्न विचारू लागतो. समजा, मंठ्याहून पदवी घेऊन एखादी मुलगी छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करण्यास गेली आणि तिने लोणारच्या एखाद्या जीवातून नवे प्रथिन वेगळे काढले. ते डीएनएला कसे धरते हे पाहण्यासाठी तिला परगावी यंत्राची वेळ मागावी लागेल, राहण्याची सोय करावी लागेल आणि घरच्यांची समजूत घालावी लागेल. या तीन अडथळ्यांपैकी शेवटच्यापाशी किती मुलींचे संशोधन संपते, याची नोंद कोणत्याही खात्यात होत नाही.

ही साधने आहेत तरी कशी, हेही वाचकाने समजून घ्यावे, म्हणजे त्यांच्याभोवतीचे गूढ कमी होईल. त्यांतील सर्वांत साधी पद्धत १९८१ साली अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. घट्ट खळीसारख्या जेलमधून विद्युतप्रवाहाने डीएनए पुढे सरकवावयाचा. प्रथिन चिकटलेला डीएनए जड होऊन मागे रेंगाळतो आणि त्याची पट्टी वेगळी दिसते. तिला लागणारे साहित्य एखाद्या बऱ्या महाविद्यालयालाही परवडते. चिकटले की नाही, हे या पद्धतीने कळते. चिकटण्याची आणि सुटण्याची गती मात्र तिच्याने नीट कळत नाही. त्यासाठी वरच्या दर्जाची यंत्रे लागतात. एका प्रकारात काचेवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर डीएनए बसवितात आणि वरून प्रथिनाचा द्राव वाहता ठेवतात. प्रथिन चिकटताच सोन्यावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कोनात सूक्ष्म फरक पडतो आणि सेकंदासेकंदाचा आलेख उमटत जातो. असे यंत्र स्वीडनमधील एका कंपनीने १९९० साली बाजारात आणले. दुसऱ्या प्रकारात प्रथिन आणि डीएनए एकत्र येताना जी अत्यल्प उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते, ती मोजतात. तिसऱ्यात चमकणारा रेणू जोडून त्याच्या प्रकाशावरून पकड ताडतात. यांतील मोठ्या यंत्रांच्या किमती कोटींच्या घरात जातात. एकट्या विभागाने विकत घ्यावे असे हे सामान नव्हे, आणि वर्षाचे बारा महिने एकट्या विभागाला पुरून उरेल इतके काम त्यावर असतेही नाही. म्हणूनच ते सामाईक असावे लागते.

चैन की गरज?

ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची चिंता आहे, त्याच्या नावाने कोटीच्या यंत्राची मागणी करणे ही चैन नाही काय? हा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. पण पाणी आणि विज्ञान यांत निवड करण्याची वेळ आली आहे, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. मंठ्याच्या शेतकऱ्याचा संबंध या विज्ञानाशी त्याच्या नकळत केव्हाच जडलेला आहे. जालना हे बियाण्यांचे गाव. महिको ही कंपनी १९६४ साली तेथेच उभी राहिली आणि २००२ साली देशात मान्यता मिळालेल्या बीटी कापसाच्या इतिहासात तिचे नाव पहिल्या पानावर आहे. त्याच बीटी कापसाला गुलाबी बोंडअळीने पुढे जुमानले नाही आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्या-विदर्भातल्या कापूस उत्पादकाने त्याची किंमत मोजली. बियाणे येथे तयार झाले, नुकसान येथे झाले. अळीच्या जनुकांत नेमके काय बदलले, याची सूक्ष्म चिकित्सा मात्र बहुतांशी अन्यत्र झाली.

आता पुढचे पर्व सुरू झाले आहे. जनुक संपादनाचे जे तंत्र २०१२ साली जगापुढे आले आणि ज्याच्या जनकांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा गाभा म्हणजे आरएनएच्या बोटाला धरून डीएनएवरील नेमकी जागा शोधणारे एक प्रथिन होय. परकीय जनुक न घालता संपादित केलेल्या पिकांचे काही वर्ग केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून वगळले. मे २०२५ मध्ये अशा तंत्राने सिद्ध केलेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. त्यांपैकी दिल्लीच्या पुसा संस्थेत तयार झालेल्या वाणात ‘डीएसटी’ नावाच्या जनुकात बदल केला आहे. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते डीएनएला चिकटून दुष्काळ व खारेपणा सोसण्याची रोपाची शक्ती दाबून धरते. तो दाब काढला की रोप अधिक चिवट होते. एका प्रथिनाची डीएनएवरील पकड हा विषय दुष्काळी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसा येऊन पोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. भातासाठी जे दिल्लीत झाले ते तुरीसाठी आणि कापसासाठी परभणीत का होऊ नये, असा प्रश्न आहे. मंठ्याच्या भूमीला त्याचे उत्तर हवे आहे.

आरोग्याची गोष्टही वेगळी नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलने अनेक पिढ्या पोळल्या आहेत. या विकारावरील जी जनुक-संपादन चिकित्सा २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाली, ती गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनाचे जनुक दडपून ठेवणाऱ्या एका डीएनए-बंधक प्रथिनाचा आवर सैल करण्यावर उभी आहे. हे ज्ञान ज्या प्रयोगशाळांतून निघाले तेथे पकड मोजण्याची यंत्रे रोजच्या वापरात होती.

२०२० च्या साथीनेही एक धडा दिला आहे. त्या वर्षाच्या आरंभी राज्यातील संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जात. काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून चाचणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ज्या तंत्राने ती चाचणी होते तेही आरएनए आणि डीएनए यांवर काम करणाऱ्या प्रथिनांचेच तंत्र आहे. म्हणजे निकड पटली की दूरच्या जिल्ह्यातही सूक्ष्म यंत्र बसते, माणसे शिकतात आणि काम चालते. दूरच्या भागात यंत्र चालत नाही, हा समज त्या वर्षी खोटा ठरला.

खरेदी सोपी, सांभाळणे कठीण

सामाईक उपकरणांची कल्पना या देशाला नवी नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकातच प्रादेशिक उपकरण केंद्रांची योजना आखली. मुंबईच्या आयआयटीत असे केंद्र १९७६ साली सुरू झाले. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८३ साली चुंबकीय अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि देशभरच्या संशोधकांनी तेथे आपल्या रेणूंचे परीक्षण करून घेतले. जानेवारी २०२० मध्ये देशातील सार्वजनिक पैशाने घेतलेल्या उपकरणांची नोंद एकत्र करणारी ‘आय-स्टेम’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. कोणते यंत्र कोठे आहे आणि त्यावर वेळ कशी मागावयाची, हे आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. २०२२ साली उपकरणांच्या सामाईक वापराची मार्गदर्शक तत्त्वेही केंद्राने जाहीर केली. कागदावर पाहिले तर उणीव फारशी नाही.

उणीव आहे ती अंतराची आणि आस्थेची. नोंद पाहून यंत्र सापडते, पण ते शेकडो किलोमीटर दूर असेल तर त्या सापडण्याला मर्यादित अर्थ उरतो. शिवाय जी यंत्रे विद्यापीठांतून येतात त्यांपैकी कितीतरी पाहता पाहता निरुपयोगी होतात, हा देशभरचा अनुभव आहे. खरेदीच्या वेळी निविदा, समित्या, उद्घाटन आणि कोनशिला यांत कमतरता राहत नाही. हमीची मुदत संपली की देखभालीचा करार कोणी करावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. अशा करारासाठी सर्वसाधारणपणे दरवर्षी यंत्राच्या किमतीचा विसावा ते दहावा हिस्सा मोजावा लागतो. वीज खेळखंडोबा करते, वातानुकूलन बंद पडते, लागणारे सुटे साहित्य परदेशातून येण्यास महिने लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र चालविणारा प्रशिक्षित माणूस हंगामी वेतनावर असतो आणि बरी नोकरी मिळताच निघून जातो. मग एखादे प्राध्यापक किल्ली आपल्या कपाटात ठेवतात आणि सार्वजनिक यंत्र खासगी होऊन बसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८२ पासून सामाईक उपकरणांसाठी स्वतंत्र अनुदान चालविले आहे. तेथील पैसा आपल्यापाशी नाही. परंतु अनुदान देण्यापूर्वी तेथे जे प्रश्न विचारले जातात ते फुकट घेता येण्यासारखे आहेत. यंत्राची खरी गरज असलेले किमान तीन संशोधक कोण? प्रत्येकाला किती वेळ लागेल? यंत्र चालविणारा जाणकार कोण आणि त्याचा पगार कोठून येईल? वेळेचे वाटप आणि तंटे पाहणारी समिती कोणती? चालू खर्चाची हमी संस्था कशी देणार? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर यंत्र मिळत नाही. आपल्याकडे मात्र हे प्रश्न यंत्र आल्यानंतर, आणि अनेकदा ते बंद पडल्यानंतर, विचारले जातात.

वस्तुतः सामाईक साधन कसे वापरावे हे ग्रामीण महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. मंठ्याच्या शिवारात सोयाबीनची सुगी आली की मळणीयंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात फिरते. ते प्रत्येकाच्या मालकीचे नसते, पण प्रत्येकाच्या उपयोगाचे असते. चालविणारा माणूस यंत्राबरोबर येतो, दर आधी ठरतो आणि पाळी चुकली तर चार माणसांत त्याची चर्चा होते. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरविताना भावाभावांत भांडणे होतात हे खरे, पण म्हणून कोणी विहीर बुजवून टाकत नाही. चालविणारा, दर, पाळी आणि चारचौघांची देखरेख या ज्या चार गोष्टी खळ्यावर पाळल्या जातात, त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाळता येऊ नयेत, हे सुशिक्षितांना भूषणावह नाही.

काय करता येईल?

प्रादेशिक असमतोलाचा हिशेब महाराष्ट्राने यापूर्वी एकदा मांडला आहे. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या आपल्या अहवालात रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील जिल्हावार अनुशेष आकड्यांत दाखविला आणि मराठवाड्याच्या तक्रारीला प्रथमच भक्कम आधार मिळाला. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेषाची ही सारी परंपरा मोजता येणाऱ्या गोष्टींची आहे. मोजण्याच्या साधनांचाच अनुशेष असू शकतो आणि तो इतर सर्व अनुशेषांइतकाच पुढच्या पिढीला मागे खेचतो, हे मात्र तीत फारसे आले नाही. प्रयोगशाळेची इमारत आणि प्राध्यापकांची पदे मोजली जातात. त्या इमारतीत बसून विद्यार्थ्याला जगाच्या बरोबरीचा प्रश्न सोडविता येतो का, हे मोजले जात नाही.

हा अनुशेष भरून काढणे अवघड नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या संस्था येथे आहेत. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून उभे आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची मराठवाडा शाखा २०१८ साली जालन्यातच सुरू झाली. जीवशास्त्र, शेती आणि रसायनशास्त्र या तिन्ही बाजू या चौघांत मिळून पुऱ्या होतात. जीव लोणारचा, पीक परभणीचे, रेणूची जाण जालन्याची, असा हा संगम आहे. प्रत्येकाने आपल्यापुरते लहान यंत्र मागण्यापेक्षा चौघांनी एकत्र येऊन एक बऱ्या दर्जाचे केंद्र मागावे, हे शहाणपणाचे होईल. ते जालन्यास असावे, असे भूगोलच सुचवितो. एकीकडे छत्रपती संभाजीनगर आणि दुसरीकडे परभणी व नांदेड यांच्या मध्ये ते पडते, आणि मंठ्याच्या विद्यार्थ्याला तेथून संध्याकाळच्या एसटीने घरी परतता येते. ही शेवटची सोय नियोजनाच्या टिपणात क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या घरी मुली शिकतात त्यांना ती क्षुल्लक वाटणार नाही.

अशा केंद्राची मागणी करतानाच काही बंधने स्वतःहून स्वीकारली पाहिजेत. यंत्र घेण्यापूर्वी ते चालविणाऱ्या दोन तंत्रज्ञांची कायम पदे मंजूर व्हावीत. एकटा माणूस रजेवर गेला म्हणून केंद्राला कुलूप लागू नये. पहिल्या पाच-सात वर्षांच्या देखभालीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. यंत्राच्या वेळेची नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी असावी आणि वेळेचा ठराविक हिस्सा जिल्ह्यातील व तालुक्यातील महाविद्यालयांसाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्यांना नाममात्र दर आणि बियाणे व औषध कंपन्यांना पूर्ण दर, अशी आकारणी असावी. जालन्यातील बियाणे उद्योगाने या केंद्राला काम आणि पैसा दोन्ही पुरवावे, कारण त्याचा लाभ सर्वांत आधी त्यालाच होणार आहे. महाविद्यालयांनी आपल्या बाजूने जेलची साधी पद्धत विद्यार्थ्यांच्या हाती रुळवावी, म्हणजे मोठ्या यंत्रावर येणारा विद्यार्थी तयारीने येईल आणि त्याचा एक तासही वाया जाणार नाही. दरवर्षी किती संस्थांनी किती तास काम केले, किती प्रयोग फसले आणि यंत्र किती दिवस बंद होते, याचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. बंद पडलेल्या दिवसांची लाज वाटू लागली की यंत्रे कमी बंद पडतात.

पैशाचा प्रश्न आहेच. पण तो वाटतो तितका मोठा नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने मोठ्या संस्थेभोवती लहान विद्यापीठांचे जाळे विणण्याची योजना पुढे आणली आहे. राज्य शासनाकडे जिल्हा नियोजनाचा निधी आहे. काही कोटींची रक्कम राज्याच्या अर्थसंकल्पात चटकन नजरेतही भरत नाही. खरा तुटवडा आहे तो चार संस्थांच्या प्रमुखांनी एका मेजाभोवती बसून, मालकीचा आग्रह बाजूला ठेवून एका कागदावर सह्या करण्याचा. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनी रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी जो हट्ट अनेकदा धरला, तो या कागदासाठी एकदा धरून पाहावा.

लोणारचे पाणी पुन्हा केव्हातरी रंग बदलेल. पुन्हा छायाचित्रे छापली जातील आणि पुन्हा बाटल्या भरल्या जातील. त्या वेळी त्या बाटल्या घेऊन जाणारी गाडी पुण्याच्या किंवा नागपूरच्या रस्त्याला न लागता मंठ्यावरून जालन्याकडे वळावी, आणि त्या पाण्यातले कोडे सोडवणाऱ्यांत मंठ्याचीही एखादी मुलगी असावी. मराठवाड्याची ही अपेक्षा अवाजवी नाही.